यंदापुरतं हो

शोकसभेत सगळ्यांनी मिळून मठपती सरांना शांत करून टाकलं. शांत, संयमी, मितभाषी, असं प्राचार्य म्हणाले, मग उपप्राचार्य म्हणाले, मग ज्याच्या हाती माईक आला तो म्हणाला. मी तिसऱ्या रांगेत दात आवळून बसले होते. अहो, कुठला शांत? एकोणीस वर्षं मी या माणसाच्या मागं मागं चालत त्याचं बोलणं ऐकलंय. वाक्य सुरू व्हायचं कपाटापाशी, मधे खिडकीपाशी थांबायचं आणि संपायचं जिन्यावर. शेवट ऐकायचा असेल तर आपणही जिना उतरायचा. मी मुळात रागीट बाई, त्यात गुडघे दुखणारी, त्यामुळं त्यांची अर्धी वाक्यं मी ऐकलीच नाहीत. आता गेल्या पौषात ते गेले, आणि ती राहिलेली अर्धी वाक्यं काय असतील याचा विचार करत बसते.

लातूरच्या आमच्या कॉलेजात ते ग्रंथपाल होते. ग्रंथपालाच्या खुर्चीवर जुन्या पेपरांचा गठ्ठा बसलेला असायचा आणि ग्रंथपाल फिरतीवर. मूळचे उदगीरकडचे, जंगम घरातले. बोलण्यात मधेच कानडी डोकवायचं. चहा नको असला की "बेडा, बेडा" म्हणत हात हलवायचे आणि हलवता हलवता पुढं निघून जायचे. खिशात लवंगा, काखेत रेक्झिनची पिशवी. त्या पिशवीत एकाच प्रकारचे कागद असायचे, आणि त्या कागदांनी आम्हा सगळ्या प्राध्यापकांना जेरीस आणलं होतं.

त्या कागदाला ते 'विचारणा' म्हणायचे. वर्गासाठी कुठल्याही पुस्तकाची पानं झेरॉक्स करायची असली, की सर आधी लेखकाला विचारणार. लेखक नसेल तर त्याच्या वारसांना. उत्तर आल्याशिवाय एक पान मशीनखाली जाऊ द्यायचे नाहीत. कागदावर मजकूर चार ओळींचा: आपल्या पुस्तकातली अमुक ते अमुक पानं, इतक्या मुलांसाठी, इतक्या महिन्यांसाठी, प्रती काढाव्यात असं आमच्या मनात आहे; आपलं काय म्हणणं आहे? आणि खाली अर्धा कागद कोरा. मी एकदा म्हटलं, सर, खाली 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन टाका, लोकांना खूण करायला सोपं जाईल. भडकलेच. म्हणाले, माणसाला दोनच उत्तरं असतात होय, बाई? लिहू द्या की त्यांना काय लिहायचं ते.

आणि लोक लिहायचे! उदगीरच्या एका निवृत्त गुरांच्या डॉक्टरांनी लिहिलं, प्रती खुशाल काढा, पण चाळिसाव्या पानावर औषधाचं प्रमाण चुकीचं छापलंय, ते दुरुस्त करून मगच मुलांच्या हातात द्या. झालं. सरांनी एकूण एक प्रत टेबलावर मांडली आणि हातानं, निळ्या शाईनं, चाळिसावं पान दुरुस्त केलं. माहूरच्या एका लेखकानं कळवलं की माझ्या या पुस्तकाची एकही प्रत माझ्याजवळ राहिलेली नाही, तुम्ही काढताच आहात तर एक मलाही पाठवा. यावर सरांनी त्यांना दुसरी विचारणा पाठवली: आपल्यासाठी आपल्या पुस्तकाची एक प्रत काढण्यास आपली परवानगी आहे काय? मी हसून हसून बेजार. सर अजिबात हसले नाहीत.

गेटासमोर इकबालभाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं. तिथंही सर स्वतः जायचे आणि ठरलेल्या प्रती निघेपर्यंत दुकानासमोर येरझारा घालायचे, म्हणजे एकही प्रत जास्तीची निघू नये. इकबालभाई म्हणायचे, मशीन गरम व्हायच्या आधी सर गरम होतात. प्रत्येक प्रतीला वर एक कागद जोडायचा, त्यावर लेखकाचं नाव आणि खाली 'यांच्या परवानगीने' असं लिहून, परवानगी देणाऱ्याचं नाव. हा पहिला कागद फाडलेला दिसला की त्या मुलाची काही खैर नसायची.

प्राचार्यांनी एकदा त्यांना बोलावून घेतलं. दिल्लीच्या कोर्टानं केव्हाच सांगितलंय, वर्गात शिकवण्यापुरत्या प्रती काढायला कायद्याची आडकाठी नाही, मग हा उद्योग कशासाठी? आणि तेवढंच वाटत असेल तर प्रकाशकांच्या वतीनं एकत्र परवाना देणाऱ्या संस्था आहेत, त्यांचा परवाना घेऊ आणि मोकळे होऊ. सरांनी त्यांतल्या एका संस्थेची यादी मागवली, दोन दिवस चाळली, आणि परत नेऊन दिली. यादीत परदेशातले प्रकाशक होते, दिल्लीचे होते. उदगीर, देगलूर, लोहा इथं ज्यांनी स्वतःच्या पदरचं घालून पुस्तक छापलं, त्यांतलं एकही नाव नव्हतं.

"कोर्टानं घ्यायची इजाजत दिली, सर," ते प्राचार्यांना म्हणाले. "विचारायला मनाई न्हाई केली."

प्राचार्यांनी हात जोडले. मीही त्या वेळी प्राचार्यांच्याच बाजूची होते, हे आधीच कबूल करते.

मग आमच्या एम.ए.ला बोलींच्या अभ्यासाचा नवा पेपर आला आणि तो माझ्या गळ्यात पडला. त्याला एकच पुस्तक खऱ्या अर्थानं उपयोगाचं होतं, 'रुमालाखालची बोली'. लोह्याजवळच्या एका गावातल्या पवळे गुरुजींनी जन्मभर जनावरांच्या बाजारात फिरून दलालांची बोली गोळा केली होती. बैलाचा सौदा करताना दोन दलाल रुमालाखाली हात घेतात, बोटं दाबून भाव सांगतात आणि तोंडानं भलतंच बोलतात, ते सगळे शब्द, त्या खुणा, शिव्यासुद्धा. गुरुजी वारलेले, छापणारा छापखाना बंद पडलेला. आमच्या ग्रंथालयात एक प्रत, पाठीचा कणा मोडलेली.

परीक्षेला तीन महिने होते. मी सरांच्या मागं लागले आणि आम्ही दोघं लोह्याला गेलो. गुरुजींचा मुलगा गंगाधरराव, त्यांचं लोह्यात खताचं दुकान. मोटारसायकलवरून कुठंतरी निघायच्या घाईत होते. पुस्तक म्हटल्यावर आधी त्यांना आठवेचना, मग म्हणाले, हां हां, आबांचं ते, घ्या की. कुठं करू सही? सरांनी विचारलं, आणखी कोण आहे गुरुजींच्या माघारी? एक बहीण आहे, नांदेडला. पण तिचं हक्कसोड झालंय, गंगाधरराव म्हणाले, तहसीलमध्ये रीतसर.

सर घुटमळले. मला अजून दिसतंय ते. कागद त्यांनी हातातच धरून ठेवला, दुकानाच्या पायरीवरून खाली उतरले, परत चढले. आमच्याकडं हे घरोघरचं आहे. बाप गेला की भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो, शेत भावाच्या नावावर होतं आणि बहिणीचं माहेर शाबूत राहतं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. माझी आपली एकच घाई, परतीची बस. मी म्हटलं, सर, आता झालं ना हक्कसोड, मग अडलंय कुठं? घ्या सही आणि चला. आणि त्यांनी, आयुष्यात एकदा, माझं ऐकलं. गंगाधररावांनी मोटारसायकलच्या टाकीवर कागद ठेवून न वाचता सही ठोकली.

त्रेचाळीस प्रती निघाल्या. मुलं खूश, मी खूश. परीक्षेला बारा दिवस उरले असताना ग्रंथालयात फोन आला.

फोन नांदेडहून होता. आमची एक विद्यार्थिनी सुट्टीला नांदेडला घरी गेली होती. तिच्या शेजारी पिठाची गिरणी चालवणाऱ्या सुमनबाई राहायच्या, त्या लोह्याकडच्या म्हणून पोरीनं त्यांना एका शब्दाचा अर्थ विचारला. सुमनबाईंनी कागद हातात घेतले, आणि वरच्या पानावर आपल्या वडिलांचं नाव वाचलं. त्याखाली, यांच्या परवानगीने, आपल्या भावाचं. सरांनी फोन घेतला तेव्हा मी समोरच होते. पलीकडचा आवाज मोठा होता, गिरणीवर बोलून बोलून होतो तसा, त्यामुळं मलाही ऐकू आलं.

"हक्क मी शेताचा सोडला, सर. पुस्तक त्या कागदात नव्हतं."

फोन ठेवून सर कपाटाकडं गेले, ते मोडक्या कण्याचं पुस्तक काढलं, आणि प्रस्तावनेचं शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. तिथं एक ओळ होती: माझा हात कापत असल्यामुळे हे सर्व लिखाण चि. सुमन हिने उतरवून काढले. ही ओळ सरांनी वाचलेली होती. मीही वाचलेली होती. त्रेचाळीस प्रतींमध्ये ती छापलेली होती.

त्यानंतर जे झालं त्यात शांत काय होतं ते प्राचार्यांनी मला सांगावं. सर वर्गात घुसले आणि प्रती गोळा करायला लागले. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर उभे राहिले, भाड्याच्या खोल्या हुडकत फिरले, एक पोरगा औशाला गावी गेला होता तर बसनं औशाला गेले. मुलं रडकुंडीला आलेली. माझा तर तोल गेला. भर व्हरांड्यात मी त्यांना बोलले: तुमच्या सोवळ्यापायी माझी पोरं नापास होतील, कायद्यानं चालतंय म्हणून कोर्ट सांगतंय, आणि तुम्ही कोण मोठे लागून गेलात? सर चालता चालता थांबले. एवढंच म्हणाले की आपण विचारलं खरं, पण चुकीच्या माणसाला विचारलं, ते न विचारण्याहून वाईट झालं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात हजर. नांदेडला जायचंय, तुम्ही या, शिकवणार तुम्ही आहात, म्हणाले. शिव्या देत देत मी चप्पल घातली.

जुन्या नांदेडात, नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत ती गिरणी होती. सुमनबाई साठीच्या, केसांवर, भुवयांवर पीठ. सर त्यांना आक्का म्हणाले. आक्कांनी गिरणी बंद केली नाही. गिऱ्हाइकं उभी होती, तिघांचं दळण होईपर्यंत आम्हाला थांबवून ठेवलं. सर गल्लीत फेऱ्या मारत होते. मग पट्टा थांबला आणि एकदम इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.

त्या बोलत गेल्या, भांडणाच्या सुरात नाही, पण थांबल्याही नाहीत. आबांचा उजवा हात कापायचा. दलाल ओसरीवर यायचे, बाईमाणसापुढं बोलायला लाजायचे, म्हणून ही पोर दाराआड बसून लिहायची. लग्न ठरलं तेव्हा शेवटची वही राहिली होती, ती तिनं सासरी नेऊन पुरी केली. माझा हात त्यांनी टॉवेलखाली घेतला आणि दोन बोटं दाबून विचारलं, सांगा बाई, काय म्हणले मी? मला पुस्तक तोंडपाठ होतं, तरी ओळखता आलं नाही.

मग हक्कसोडाचं सांगितलं. पंचमीला भाऊ न्यायला आला. साडी घेतली, पुरणपोळ्या झाल्या, झोका बांधला. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये घालून तहसीलला, इथं कर, इथं कर, झालं, चल. भावावर राग नाही म्हणाल्या, तो वाईट नाही.

"इचारलं असतं तर दिलंच असतं, सर. कुणी इचारलंच न्हाई."

अर्धापूरला माझ्या माहेरची केळीची बाग आहे. म्हणजे भावांची आहे. मीही केलीय सही, राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पेढा खाऊन. एम.ए., पीएच.डी. झालेली बाई, कागद वाचलासुद्धा नव्हता. त्या गिरणीत मला ते आठवलं आणि राग आला. नेमका कुणाचा हे मात्र कळेना, त्यामुळं तो मी सरांवरच काढला आणि म्हटलं, विचारा आता लवकर, पुढची गाडी आहे.

सरांनी पिशवीतून विचारणा काढली. आक्का म्हणाल्या, मला डोळ्यांना दिसत नाही पिठात, तुम्हीच वाचा. सरांनी सगळा कागद मोठ्यानं वाचला, पानं, मुलं, महिने. शेवटी 'आपलं काय म्हणणं आहे' इथं आल्यावर त्यांचा आवाज खाली गेला. आक्कांनी पदरानं हात पुसले, चष्मा लावला, दिसत नाही म्हणाल्या होत्या तरी कागद परत स्वतः पहिल्यापासून वाचला. आणि खालच्या कोऱ्या जागेत, मोत्यासारख्या अक्षरात, लिहिलं: यंदापुरतं हो.

मी न राहवून म्हटलं, अहो, हा पेपर अजून बरीच वर्षं चालणार आहे, एकदाच कायमचं लिहून द्या ना. त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं.

"एकदाच दिलं की मग परत कुणी येतंय का, बाई?"

परत येताना लोह्याला उतरून सरांनी त्याच कागदावर गंगाधररावांची सही घेतली, कारण दोघंही वारस. गंगाधररावांनी विचारलं, परत? कुठं करू? आणि केली. त्याच संध्याकाळी प्रती मुलांच्या हातात गेल्या, वरचा कागद नवा, त्यावर आधी बहिणीचं नाव, मग भावाचं. पोरं पास झाली. वरच्या वर्गात झाली, माझा तळतळाट वाया गेला.

तेव्हापासून दर जूनला सर नांदेडला. पहिल्यांदा मला वाटलं होतं, दोन वर्षं जातील, मग फोनवर भागेल. कशाचं काय! बस, गल्ली, दळण होईपर्यंत फेऱ्या, कागदाचं वाचन, आणि यंदापुरतं हो. येताना लोहा, कुठं करू, सही. गंगाधररावांनी इतक्या वर्षांत तो कागद एकदाही वाचला नाही. आक्कांनी एकदाही न वाचता लिहिलं नाही. एका वर्षी त्यांनी जेवूनच जा म्हटलं, एका वर्षी मुलांनी कोणते शब्द विचारले ते सांगा म्हणाल्या, आणि मग तेही दरसालचं झालं. सर मुलांचे प्रश्न कागदावर उतरवून न्यायचे आणि उत्तरं घेऊन यायचे. माझ्या शिकवण्यात जे काही बरं होतं ते त्या गिरणीतून आलेलं आहे, हे मी कुठल्या परिसंवादात कधी बोलले नाही.

मधे मोबाईलचा सुकाळ झाला. मुलं म्हणायला लागली, मॅडम, पीडीएफ करून ग्रुपवर टाका. मलाही तेच सोयीचं. सर म्हणाले, तसं वेगळं विचारावं लागंल. विचारलं. आक्कांनी नकार दिला. म्हणाल्या, कागद दिलेला परत मागता येतो, मोबाईलवर गेलेलं माघारी कसं आणणार? मी चिडले, बाई अडाणी आहे म्हणाले. सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं गिळलं. पीडीएफ झाली नाही. शेजारच्या कॉलेजात बाकीच्या सगळ्या पुस्तकांच्या झाल्या, कुणालाही न विचारता, आणि त्यांचं काहीही बिघडलं नाही. हेही खरंच आहे, आणि याचा मला अजून त्रास होतो.

सर निवृत्त झाले तरी जूनची खेप त्यांचीच राहिली. नव्या ग्रंथपालांना हे प्रकरण समजावून सांगायचा मी प्रयत्न केला, ते हसले. सरांचे पाय सुजायला लागले होते, हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, मुलगा प्रवास करू देत नव्हता. तरी भांडून यायचे.

आणि मग अभ्यासक्रम बदलला. नव्या रचनेत बोलींचा पेपरच निघाला. मी फोन करून सरांना सांगितलं, आता सुटलात एकदाचे. सर म्हणाले, आक्काला सांगून यावं लागंल. मी म्हटलं, फोन करा ना त्यांना. तर म्हणाले, "इचारायला सोता गेलो, आणि संपलं म्हणून फोनवर सांगू व्हय?"

त्या जूनला मी त्यांच्याबरोबर गेले. बसमध्येही त्यांची चुळबुळ थांबेना. खिडकी उघड, लाव, पिशवी मांडीवर, पिशवी खाली. गिरणी चालू होती. आक्का वाकल्या होत्या बऱ्याच. पट्टा थांबल्यावर त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागदासाठी हात पुढं केला. सरांनी सांगितलं, यंदा कागद नाही. पेपर बंद झाला. आता प्रती लागणार नाहीत.

आक्कांचा हात तसाच पुढं राहिला होता. मग तो त्यांनी मागं घेतला.

"म्हंजी आता मला कुणी इचारणार न्हाई," त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. लपवून काय करू, आलं. कुठल्या तरी समितीनं चार ओळी खोडल्या होत्या, त्यात कुणाचं काय गेलं हे त्या समितीला कधी कळणार नव्हतं. सर गल्लीत गेले. लंगडत कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, परत गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा पिशवीतून विचारणेचा कोरा कागद काढला, पिठाच्या डब्यावर ठेवला आणि लिहायला लागले. पानं: सगळी. प्रती: एक. कुणासाठी: मठपती. इतक्या वर्षांत या माणसानं स्वतःसाठी त्या पुस्तकाची प्रत काढली नव्हती. वाचायला ग्रंथालयातलं आहे की, म्हणायचे. महिन्यांची जागा त्यांनी मोकळी सोडली आणि कागद आक्कांपुढं धरला. तुम्हीच वाचा, असं त्या म्हणाल्या नाहीत. स्वतः वाचला. दोनदा. मग लिहिलं, अक्षर आता हलत होतं: यंदापुरतं हो.

मला वाटलं, म्हणावं, अहो, त्यांच्या पायांकडं बघा तरी, आता तरी कायमचं द्या. नाही म्हटलं. सरांकडं बघितलं तर ते खूश दिसत होते.

परतीची बस लोह्याला दहा मिनिटं थांबते. सर उतरायला लागले. मी ओरडलेच, आता कशाला, एका प्रतीसाठी? ते उतरूनही गेले होते. पाठोपाठ मी. दुकानात गंगाधरराव पोती मोजून घेत होते, तेही आता पिकलेले. कागद बघून त्यांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि विचारलं, कुठं करू? सरांनी पहिल्यांदाच कागद मागं धरला. म्हणाले, आधी वाचा.

गंगाधररावांनी वाचला. वाचून हसले. मठपती म्हणजे तुम्हीच की, घ्या ना सर, एका प्रतीचं काय विचारता? मग सरांनी त्यांना सांगितलं की पेपर बंद झाला, आता दरसाल यायचं कारण उरलं नाही, आणि आक्का काय म्हणाली तेही सांगितलं. जसंच्या तसं, तिच्याच शब्दांत. गंगाधरराव बहिणीच्या अक्षराकडं बघत राहिले. ते अक्षर त्यांनी इतक्या वर्षांच्या सह्यांत बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"थांबा सर," ते म्हणाले. "तिला इचारतो."

बसवाल्यानं हॉर्न मारला. सरांनी मला हातानं खुणावलं, तुम्ही जा, मी मागच्या गाडीनं येतो. पुढं काय झालं ते मला कधी कळलं नाही. त्यानंतर आमचं फोनवर बोलणं झालं, भेट नाही, आणि फोनवर सर ते सांगायचे नाहीत. मीही, मी असून, विचारलं नाही.

बस फिरली तेव्हा खिडकीतून दिसलं. गंगाधरराव फोन कानाला लावून दुकानाच्या पायरीवर आले होते, शेजारी मठपती सर, हातात कागद. पलीकडं अजून कुणी उचललं नव्हतं. गिरणी चालू असली की आक्कांना फोन ऐकू यायला वेळ लागतो.